शेवंता आत्याची भिंत

सकाळ आमच्या घरात एका रंगाची होऊन कधी येतच नसे. मधल्या खोलीच्या पूर्वेकडच्या मातीच्या भिंतीतून ती हिरवी होऊन यायची, मधाच्या रंगाची होऊन यायची, आणि एका ठिकाणी, अगदी वरच्या ओळीत, गडद निळी होऊन. शेणाने सारवलेल्या, अजून ओलसर असलेल्या भुईवर ते फिकट गोल उमटत, अंथरुणावरून सरकत सरकत धानाच्या ढोलीपर्यंत जात, आणि सूर्य घरामागच्या सांदवाडीतल्या जांभळीच्या वर चढला की एकेक करून विझत... मी गोधडीतून हात बाहेर काढून तळव्यावर निळा गोल धरायचे. त्याला वजन नसे, ऊब नसे. तरी मूठ मिटली की काहीतरी मिळाल्यासारखे वाटे.

ती भिंत माझ्या आत्याने बांधली होती.

शेवंता आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सासरी नवऱ्याने दुसरी बायको आणली, तेव्हा पत्र्याची एक पेटी घेऊन ती आमच्या गावी परत आली. नवेगाव बांधच्या तलावापासून कोसभरावर आमचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. आली तेव्हा ती कुणापुढे रडली नाही. पेटी ढोलीच्या मागे सरकवली, पदर खोचला आणि आईबरोबर रोवणीच्या चिखलात उतरली. त्याच पावसाळ्यात मधल्या खोलीची पूर्वेची भिंत भिजून बसली. बाबांनी तिथे बांबूचा तट्टा उभा केला आणि उन्हाळ्यात बांधू म्हणाले.

हिवाळाभर आत्या बाटल्या गोळा करत राहिली. आठवडी बाजारामागच्या उकिरड्यावरून, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून, कुठल्या कुठल्या लग्नघरांच्या मागून... दारूच्या, औषधाच्या, सरबताच्या. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठी बसून राखेने घासघासून ती त्या धुवायची आणि उन्हात ओळीने पालथ्या मांडायची. आई एकदा न राहवून म्हणाली, "शेवंता, दारूच्या शिश्या घरात कायले वं?"

"रिकाम्या हायेत, वयनी," आत्या म्हणाली. "रिकाम्या शिशीत काय राहते?"

उन्हाळा आला तेव्हा तिने बाबांना सांगितले, "भाऊ, ते भित मी बांधतो. तू फक्त माती आनून दे." बाबांनी बैलबंडीने बोडीतली माती आणून टाकली. आत्याने तिच्यात धानाचे तणस आणि शेण घातले, पायाने तुडवले, आंबू दिले. त्या आंबलेल्या मातीचा वास... थोडा दह्यासारखा, थोडा गुरांच्या अंगासारखा... आजही कुठे ओला चिखल तुडवला जाताना दिसला की माझ्या नाकात आपोआप जागा होतो. मातीचा एक थर, त्यावर बाटल्यांची एक ओळ, बुडे आत आणि तोंडे बाहेर. पुन्हा मातीचा थर. भिंत वाळल्यावर तिने वरून छुईची पांढरी माती पोतली आणि बाटल्यांच्या बुडांभोवती फुटक्या बांगड्यांच्या काचांच्या वेली काढल्या. त्या बांगड्या तिच्या स्वतःच्या होत्या हे मला फार उशिरा कळले.

मग तिचा हात थांबेना. गोंदियाच्या भंगारातून बाबांनी रेल्वेच्या डब्याची एक जुनी लाकडी खिडकी आणली, दोन बोटांनी चिमटून वर उचलायच्या झडपेची. ती तिने सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, भिंतीत बसवून घेतली. आम्ही पोरे तिच्याशी बसून तासन् तास प्रवास करत असू, आणि बाहेरून जाणारी म्हैस हे आमचे स्टेशन असे. जर्मनच्या एका गळक्या पातेल्याला, गंजाला, तिने खिळ्याने भोके पाडली आणि तो दिव्यावर उपडा टांगला. दिवा लागला की कुडांवर चांदण्या पसरत. गावातली माणसे मुद्दाम बघायला येत. कुणी मान डोलवत, कुणी बाहेर पडून म्हणे, शेवंताचे डोके फिरले. आई आलेल्यांना पाणी देई आणि कामाला लागे.

आज मी त्या घराची गोष्ट कुणाला सांगते तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे स्वप्नाळू होतात. माझेही होतात. वैशाखात बाहेर झळा उसळत असताना त्या जाड भिंतींच्या आत घागरीच्या पोटासारखा गारवा असे. चैत्रात अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, जड वास खोल्याखोल्यांतून फिरे. कार्तिकात नव्या धानाचा. पण ते घर आईच्या अंगावर उभे होते, हे पाहायला मला माझे स्वतःचे घर होईपर्यंत थांबावे लागले. दर आठवड्याला सारवण तिचे. पावसाळ्याआधी छपराचे कवेलू, म्हणजे कौले, फेरायला बाबा वर चढत तेव्हा खालून एकेक कवेलू देणे तिचे. ते फेरून झाले की जंगलातून वांदरांची टोळी येई, एका छपरावरून दुसऱ्यावर उड्या टाकी, आणि पुन्हा जागोजाग आकाश दिसू लागे. श्रावणात झड लागली की घरातली सारी भांडी भुईवर मांडलेली असत आणि आई अंधारात चाचपडत भरलेली उचलून रिकामी ठेवी. आम्ही त्या टपटपीच्या नादात झोपत असू. ती झोपत नसे. तिचा लग्नातला शालू उधईने पेटीतल्या पेटीत खाल्ला. तिने तो उलगडला तेव्हा हातात नुसती जर आली.

आत्याच्या भिंतीलाही तिचे दुखणे होतेच. माती वाळली की आकसते, काच आकसत नाही. बाटल्यांभोवती आधी केसाएवढ्या आणि मग बोट जाईल एवढ्या फटी पडत गेल्या. आत्या दर उन्हाळ्यात त्या लिंपायची. पावसाळा सरला की त्या पुन्हा उघडत.

आश्विनातली एक दुपार. आई ढोलीमागचे सूप काढायला वाकली, आणि उठताना तिने तोल सावरायला त्या भिंतीला हात टेकला. फटीत लाल विंचू होता. तो डसला. आई हात छातीशी धरून खाली बसली, आणि थोड्या वेळाने तिला दरदरून घाम सुटला, उलट्या सुरू झाल्या, हातपाय थंड पडले. बाबांनी बंडी जुंपली. सडकेपर्यंत बंडीने आणि तिथून कुणाच्या तरी जीपने तिला सरकारी दवाखान्यात नेले. आत्या तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. बंडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी रेल्वेच्या खिडकीशी उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या खिडकीतून कुठेही जायचे नव्हते.

आई वाचली. दवाखान्यात तिचे सगळे आत्यानेच केले. पण सुटी मिळाल्यावर आई घरी आलीच नाही. तलावापलीकडच्या गावी, माझ्या मामाकडे गेली. बाबा तिला आणायला गेले आणि एकटेच परतले. "घर बदलवा, तं येतो म्हणते," एवढेच ते आत्याला म्हणाले, आणि ताटावर बसले, आणि जेवले नाहीत. गावात बायका विहिरीवर म्हणू लागल्या की नणंदेच्या शिश्यांनी भावजयीचा जीव घेतला असता. आपले घर मोडले, आता भावाचे मोडायला आली. आत्याच्या कानांवर ते येत होते. ती घागर भरायची आणि घरी यायची. मला वेणी घालताना तिचे हात मधेच थांबत.

एक दिवस मी शाळेतून आले तर मधल्या खोलीत भरभरून उजेड होता. नुसता, पांढरा उजेड. पूर्वेची भिंत नव्हतीच. त्या जागेतून सांदवाडी दिसत होती, जांभूळ दिसत होती, पार बोडीपर्यंत नजर जात होती. आत्या ढिगाऱ्यात लोखंडी सब्बल घेऊन उभी होती, केसांत माती, बोटांवर काचेचे ओरखडे. मला पाहून तिने सब्बल टेकवून ठेवली, हातपाय धुतले, लुगडे बदलले.

"चाल पोरी," ती म्हणाली. "तुया मायले आनाची हाय."

आम्ही तलावाच्या पाळीवरून चालत गेलो. उन्हे उतरत होती, पाण्यावर दूर कुठेतरी बदके काळ्या ठिपक्यांसारखी होती. मामाच्या सपरीत आई तांदूळ निवडत बसली होती. वाळली होती. तिने मला जवळ ओढले आणि माझ्या डोक्यावरून आत्याकडे पाहिले.

"भित पाडली, वयनी," आत्या उभ्याउभ्याच म्हणाली. "आता चाल."

आईचा हात सुपातच थांबला. "काऊन पाडली?"

"तिथं तुले इचू चावला."

"इचू त्या घरात कुठं नाही? आढ्यात हाय, चुलीमागं हाय. मी भितीचं नाव घेतलं का कोनाजवळ? मी घराचं म्हणलं." मग आई बराच वेळ तांदळात बोटे फिरवत राहिली. "एवढ्या घरात पाहासारखं तेच तं एक होतं वं, शेवंता."

आत्या खाली बसली. सासर सुटले तेव्हा न रडलेली माझी आत्या मामाच्या सपरीत, तोंडावर पदर न घेता, लहान पोरासारखी रडली. "मी माई पेटी घेऊन जातो कुठंतरी," ती म्हणत होती. "तू तुया घरी ये."

"कुठं जाशीन?" आई म्हणाली. "नवं घर होईन, त्यात एक खोली तुयी राहीन. मी तुया भावाले सांगून देल्लं हाय. ते कबूल झाले म्हणजे मी येतो, असं म्हणलं होतं. घर म्हणजे फक्त सिमिट नाही म्हणलं मी." आणि सूप बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळली, "हिची वेणी कोनं घातली? किती ढिली हाय."

बाबांनी घरी येऊन ती अर्धीच गोष्ट सांगितली होती. बहिणीच्या खोलीचा शब्द बायकोने मागावा, याची त्यांना लाज वाटली असावी. त्या संध्याकाळी, बाबांच्या होकाराची वाट न पाहता, आम्ही तिघी एकत्र परतलो. बाबांनी उघड्या बाजूला पुन्हा तट्टा लावला, आणि त्या तट्ट्याआड आम्ही कितीतरी काळ राहिलो, कारण नवे घर एकदम झाले नाही. एकेक उन्हाळा, एकेक खोली असे ते उगवत गेले. विटा, सिमेंट, वर स्लॅब. पहिली खोली झाली ती आत्याची.

मला ते घर आवडले नाही. त्याला वास नव्हता. वैशाखात स्लॅब दिवसभर ऊन पिऊन ठेवी आणि अंधार पडल्यावर ते आमच्यावर ओतत राही. भिंती इतक्या सरळ होत्या की त्यांच्याकडे पाहत पडून राहावे असे त्यांत काहीच नव्हते. मग श्रावण आला. झड लागली, पाऊस अहोरात्र कोसळला, आणि एका सकाळी उठून पाहते तर आई अजून झोपलेली. उजाडून गेले होते, गुरे हंबरत होती, आणि आई तोंड किंचित उघडे ठेवून, एक हात पलंगावरून खाली सोडून गाढ झोपली होती. मी तिला अशी झोपलेली आधी कधी पाहिली नव्हती. मी हाक मारणार तोच दाराशी बसलेल्या आत्याने ओठांवर बोट ठेवले. तिने गोठा केला होता, चूल पेटवली होती, आणि आता ती उंबऱ्यावर राखणीला बसली होती. बाबा आत येऊ लागले तर तिने त्यांनाही हाताने परत धाडले.

"निजू दे," ती हळूच म्हणाली. "लय वर्षांची झोप हाय."

आता मी गोंदियात राहते. जंगलाकडच्या एका विश्रामगृहात हल्ली मुद्दाम मातीच्या खोल्या बांधल्या आहेत. माझ्या ओळखीचे लोक तिथे दोन दिवस राहून येतात आणि त्या भिंतींचे फोटो दाखवतात. सुंदर असतात. मी ते मन लावून पाहते, आणि या खोल्या सारवते कोण, असे विचारायचे ओठांवर येते... विचारत नाही.

बाबा गेले, आणि मागच्या हिवाळ्यात आईही गेली. गावच्या घरात आत्या एकटी आहे. तिच्या खोलीच्या भिंती कोऱ्या आहेत, त्यांना साधा पिवळा रंग आहे. परवा गेले तेव्हा मी तिला म्हटले, चल माझ्याकडे, इथे एकटी काय करशील? तिने मान हलवली.

"मी आता तुया मायच्या पलंगावर निजतो," ती म्हणाली. "चांगली झोप लागते तिथं. तिची थोडी उरली हाय."

जेवण झाल्यावर तिने मला त्याच पलंगावर पडायला लावले. बाहेर कुठेतरी धान मळण्याचे यंत्र चालू होते, पंखा फिरत होता, आणि चादरीला नुसत्या साबणाचा वास होता. झोपायचे माझ्या मनात नव्हते. जाग आली तेव्हा ऊन कलले होते, यंत्र थांबले होते, आणि आत्या उंबऱ्यावर पाठमोरी बसून अंगणात आलेल्या कुणाला तरी हाताने मागे सारत होती.