दार मीच राखलं

बत्तीस वर्षं मी सरकारी हापिसात शिपाई होतो. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं, कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, एवढंच काम. शाळा चौथीपर्यंत. पण आत चाललेला माणूस खरं बोलणार की थापा मारणार, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. स्वतःच्या घरात मात्र कळलं नाही.

रिटायर झालो, दिल्लीतलं आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं, तेव्हापासून आम्ही दोघं नोएडाला मुलाकडे. मागच्या वर्षी बायको गेली. तिच्या खोलीत माझ्याच्याने पाऊल टाकवेना. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागलो. नात मात्र शाळेतून आली की रोज त्या खोलीत जायची. सोळा वर्षांची पोर. दार लावून आजीच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची, तासभर बसायची. बाहेर चंदनाचा वास यायचा आणि मला भरून यायचं. उदबत्तीचे पुडे मीच आणून द्यायचो, दोन-दोन.

सून दार वाजवायला गेली की मी अडवायचो. "बसू दे गं तिला. आजीशी बोलत असेल."

"बाबा, अकरावी आहे तिची. अभ्यास कधी करणार?"

"अभ्यास पळून जात नाही. आजी परत येणार आहे का?"

आणि खुर्ची टाकून दाराबाहेर बसायचो. जुनी सवय.

पोर बदलली होती, ते दिसत होतं. सांगितलेलं विसरायची. गणितात पहिली येणारी, नापास झाली. एकदा जेवता जेवता म्हणाली, "आबा, समोरच्या टॉवरमधले लोक मला बघतात." त्या दिवसापासून पडदे ओढलेले. आम्ही सगळे म्हणालो, आजीचा लळा होता, मनाला लागलंय. दुःख म्हटलं की कोणी पुढे चौकशी करत नाही.

मग माझा चष्मा फुटला. नात शाळेत होती. म्हटलं, नवा होईपर्यंत बायकोचा लावू. मन घट्ट करून खोलीत गेलो. फोटोमागे तिच्या चष्म्याचं घर होतं, ते उघडलं. आत गांजा. गुंडाळायचे कागद, काडेपेटी. बायकोचा चष्मा खालच्या ड्रॉवरमध्ये तसाच टाकलेला, काचेवर चरे.

नात आल्यावर ते घर मी तिच्यासमोर ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "यार आबा, तुम्ही होळीला भांग पिता ते चालतं?"

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. या वयात मेंदू अजून घडत असतो म्हणाल्या. त्यावर रोज गांजा पडला की लक्ष लागत नाही, आठवण जाते. कुणाकुणाला नसते संशय येतात, भास होतात, आणि कुणाला होतील ते आधी सांगता येत नाही. आता थांबली तर सुधारायची आशा आहे, पण शब्द देणार नाही.

गांजाचा राग आहेच. त्याहून जास्त राग याचा, की तिने मेलेली आजी आडोशाला घेतली. आणि मी मूर्ख, बाहेर पहाऱ्याला.

एकदा विचारलंच, "आजीसाठी म्हणून एक तरी उदबत्ती लावलीस का गं?"

"सुरुवातीला खरंच आजीसाठीच लावायचे, आबा. नंतर नाही."

"नंतर म्हणजे कधीपासून?"

"आठवत नाही."

ही थाप होती, की खरंच पुसलं गेलं होतं? आयुष्यभर माणसं ओळखली, पण हे मला ओळखता आलं नाही. अजूनही येत नाही.

आता खुर्ची मी आत टाकली आहे, फोटोखाली. दार उघडं, उदबत्ती बंद. ती समोर बसून गणितं करते.

"पहारा देताय का?"

"हो, पहाराच. कर गुपचूप."

एकच गणित ती तीनतीनदा वाचते. पूर्वी एकदा पुरायचं.