आंघोळीचा प्रवेश

"हिला मेकअप लागणारच नाही," मॅडम म्हणाल्या.

हॉलमध्ये आम्ही आठवीच्या मुली रांगेत उभ्या होतो. मॅडम एकेकीची हनुवटी वर करून तोंड उजेडाकडं वळवत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि हे बोलल्या. मुली हसल्या. मग त्यांनी माझी वेणी चिमटीत धरून उचलली आणि सोडून दिली. चिमटीत. मेलेला उंदीर शेपटीनं उचलतात तशी.

"तेल असंच लावून ये त्या दिवशी. एकदम खरं वाटेल."

असा मला शाळेच्या नाटकात रोल मिळाला.

सांगलीतली आमची मुलींची शाळा जुनी. एका वकिलांच्या बायकोनं स्वतःच्या बंगल्याच्या ओसरीवर सुरू केलेली. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणायचे. हे आम्हाला पहिलीपासून पाठ. आता तिथं मोठी इमारत, पिवळ्या बसेस, दारात बाईसाहेबांचा अर्धपुतळा. फी मोठी. डॉक्टरांच्या, साखर कारखान्याच्या डायरेक्टरांच्या, द्राक्षबागावाल्यांच्या मुली. मी राखीव जागेवर, लॉटरीत नंबर लागून आलेली. मिरजेहून. बाबा हॉस्पिटलची अॅम्ब्युलन्स चालवतात. आई दुसऱ्या हॉस्पिटलात आया. आम्ही बौद्ध.

स्थापनादिनाला दर वर्षी शाळेचा इतिहास नाटकातून दाखवायचे. त्यात एक प्रवेश असायचाच. बाईसाहेब वस्तीत जातात. तिथून एक मुलगी हाताला धरून आणतात. मुलगी डोकं खाजवत असते. बाईसाहेब तिला आंघोळ घालतात, केस विंचरतात, गणवेश देतात आणि म्हणतात, "आज तू माणसात आलीस." मुलगी पाया पडते. टाळ्या.

ती मुलगी मी. मला एकच वाक्य होतं. "बाईसाहेब, तुमचे उपकार."

बाईसाहेब झाली होती सानिका. तिचे आजोबा संस्थेचे अध्यक्ष. वाईट नव्हती ती. तालमीत रिकामा मग माझ्या डोक्यावर उपडा करताना हळूच म्हणायची, "सॉरी हं." पण मॅडम दर वेळी थांबवायच्या. "अगं, नीट खाजव. दोन्ही हातांनी. तुला काय शिकवायला पाहिजे का?"

तालीम सुरू झाल्यापासून बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. कुणीतरी 'उवा' म्हणायचं आणि मागच्या बाकांपर्यंत हसू जायचं. डब्याच्या वेळी माझी मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात जाऊन बसली. मी मॅडमना म्हणाले, "मला हा रोल नको."

त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "फुकट शिकतेस ना इथं? मग शाळेसाठी एवढं तरी कर."

मी परत तालमीत जाऊन उकिडवी बसले.

मॅडमनी फाटका फ्रॉक आणायला सांगितला होता. आमच्या घरात फाटका फ्रॉक नव्हता. मी आईचा एक जुना परकर कापत बसले होते. त्या दिवसांत आत्या आमच्याकडं होती. बाबांची सगळ्यात थोरली बहीण. कोरेगावला सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर झालेली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आली होती. काळा चष्मा लावून कॉटवर बसलेली.

"काय फाडाय लागलीस गं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं. डोकं खाजवायचं ते, डोक्यावर मग उपडा करतात ते, पाया पडायचं ते. आत्या ऐकत राहिली. ती याच शाळेत शिकली होती, एवढं मला माहीत होतं. ती तिथल्या कुठल्याच कार्यक्रमाला का जात नाही, ते कधी विचारलं नव्हतं.

"ती पोरगी मीच," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"आमच्या वस्तीतनं त्या शाळंत गेलेली पयली मी. पण डोकं खाजवत न्हाई गेले. आयनं पहाटं उठून पाणी तापवलं. शिकेकाईनं डोकं धुतलं. अंग घासून घासून लाल केलं. का, तर पोरीला कुणी नाव ठेवू नये. निळा फ्रॉक शिवला होता, नवा. शाळंत गेल्यावर बाईसाहेबांनी मला आडापाशी नेलं. म्हणाल्या, फ्रॉक काढ. मी म्हणलं, बाई, मी आंघूळ करून आलीया. त्या म्हणाल्या, तरी पण."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"ओसरीवर समद्या पोरी उभ्या राहून बघत हुत्या. शिकवलं बी त्यांनीच. ते मी कवा खोटं म्हणणार न्हाई. मी नर्स झाले ती त्या शाळंमुळं. पण मी सांगितलं हुतं गं. करून आलीया म्हणून सांगितलं हुतं."

चष्म्याखालून पाणी आलं. आई घाईनं म्हणाली, "आवं वन्सं, डोळ्याला ताण देऊ नका. ऑपरेशन झालंय."

मी कात्री खाली ठेवली. पण तेव्हा काही ठरवलं वगैरे नव्हतं. भीती वाटत होती. स्थापनादिनाला मी स्टेजवर गेले तीही भीतच.

पहिल्या रांगेत आमदार, अध्यक्ष, संस्थेची माणसं. बाबा शेवटी, भिंतीला टेकून उभे, अॅम्ब्युलन्सच्या खाकी कपड्यांवरच आलेले. मी उकिडवी बसले. समोर बादली. बघते तर बादलीत खरं पाणी. साबणाची वडीसुद्धा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सानिका म्हणाली, "चल बाळ, आधी तुला स्वच्छ करू."

मी म्हणाले, "मी आंघोळ करून आलेय."

तिला वाटलं मी वाक्य विसरले. ती कुजबुजली, "असं नाहीये."

मी परत म्हणाले. या वेळी मोठ्यानं. माइक वरच टांगलेला होता. सानिकानं विंगेत बघितलं. विंगेतून मॅडमचा दबका आवाज आला, "घाल पाणी."

तिनं घातलं.

गार पाणी डोक्यावरून, कानांतून, पाठीत गेलं. मी उठून उभी राहिले. अंगाला कपडे चिकटलेले. समोर सगळा हॉल. मी म्हणाले, "माझ्या आत्यानंही सांगितलं होतं. ती घरून आंघोळ करून आली होती. तरी तुम्ही तिचा फ्रॉक काढला."

मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. मी विंगेत गेले नाही. समोरच्या पायऱ्या उतरून, आमदारांच्या पुढून, मधल्या वाटेनं बाबांपर्यंत गेले. त्यांनी स्वतःचा शर्ट काढून मला दिला आणि बनियनवर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाबांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. बाबांना खुर्ची दिली नाही.

"तुमच्यासारख्यांना या संस्थेनं शिकवलं," त्या म्हणाल्या. "त्याची ही परतफेड?"

बाबा म्हणाले, "शिकवलं, व्हय. माझ्या बहिणीला शिकवलं. म्हणून तर आज ती बोलतीया."

"हिनं उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायची."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. माग म्हणाले नाहीत, मागू नको म्हणाले नाहीत. मी म्हणाले, "नाही मागणार."

"विचार कर. तुझी फी आठवीपर्यंतच माफ आहे."

मी विचार केला. माफी मागितली नाही. खो-खोच्या संघातून मला काढलं. वर्ग माझ्याशी बोलेना. मी एक दिवसही घरी राहिले नाही. रोज गेले, पहिल्या बाकावर बसले, परीक्षा दिली. शेवटच्या दिवशी सानिका फाटकापाशी आली. म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"आता माहीत आहे," मी म्हणाले. मी थांबले नाही.

नववीपासून मिरजेतल्या महापालिकेच्या शाळेत गेले. आता कॉलेजात आहे. मध्यंतरी त्या शाळेच्या यंदाच्या स्थापनादिनाचा व्हिडिओ मोबाइलवर आला. तोच प्रवेश. तोच मग. मुलगी नवीन. सावळी, बारीक, दोन्ही हातांनी डोकं खाजवणारी. खाली लोकांनी लिहिलेलं, किती गोड.

मी तो व्हिडिओ आत्याला दाखवला. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "ह्या पोरीचं घर कुठं हाय?"

आम्ही शोधलं. कवठे महांकाळकडची माणसं, मुलीच्या शाळेसाठी सांगलीत खोली घेऊन राहिलेली. आत्या त्या मुलीच्या आईसमोर बसली आणि सगळं सांगितलं. मुलीची आई ऐकून म्हणाली, "ताई, तुमचं खरं असंल. पण आमच्या पोरीला काढलं तर आमी कुठं जावं?" तिला मी दोष देत नाही. नमो बुद्धाय म्हणून निरोप घेतला, बाहेर आलो.

म्हणून आता त्या मुलीकडून काही मागायचं नाही. जे करायचं ते आम्ही करायचं. पुढच्या वर्षी तालीम सुरू झाली की आत्या आणि मी त्या हॉलमध्ये जाऊन बसणार, आंघोळीचा प्रवेश काढून टाका म्हणणार. आत्या त्या शाळेची विद्यार्थिनी आहे, मीही आहे. बाहेर जा म्हणतील. जाणार नाही. पोलीस बोलावतील, तर त्यांनाही हेच सांगू. त्या वर्षी तो प्रवेश नाटकातून काढला नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ. आत्या थकली तर मी एकटी जाईन.

मी एकोणीस वर्षांची आहे. माझ्याकडं पुष्कळ वर्षं आहेत.