तेइकोची वेबसाइट, देदेईचा ब्लॉग

देदेईनं आजवर ज्यांचे ज्यांचे दात पाडले, त्यांत एकही बॉक्सर नव्हता. बॉक्सरांना ती केंकी विकते.

आमच्या बुकोम या बॉक्सरांच्या मोहल्ल्यात ज्याला रिंगमध्ये मारता येत नाही तो गल्लीत मारतो, एवढाच काय तो फरक. मी स्वतः शिंपी. लढतीच्या चकचकीत चड्ड्या शिवतो, कमरपट्ट्यावर नावं काढतो. माझ्या मशीनच्या समोरच देदेईचं केंकीचं, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, पातेलं. मक्याचं आंबवलेलं पीठ घोटायला तिच्याकडे हातभर लांब दांडा आहे, आणि त्या दांड्याचा पिठाशिवाय आणखी कशाकशाला उपयोग होतो ते साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. तेइको तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. देदेईनंच त्याला वाढवला, म्हणून तो तिला ताईबिई न म्हणता ‘आवो’ म्हणतो, आमच्यात आईला म्हणतात तसं.

ही बाई ब्लॉग लिहायची. मासे तळता तळता, हात फडक्याला पुसून, एका अंगठ्यानं. कालच्या लढतीत कोण भ्याला, कोण ठरवून पडला, कुणाची बरगडी मोडली आणि त्याच्या उस्तादानं ती कशी लपवली, सगळं. हरलेल्यांचे काका-मामा भांडायला यायचे आणि जाताना जबडा धरून जायचे. खोटं ती लिहायची नाही. मला कधीकधी वाटायचं, थोडं खोटंही लिहावं, त्यानं कुणाचं काय बिघडतं.

तेइकोचं मात्र वेगळं. त्याचा मॅनेजर मिस्टर क्वार्शी याच्या पायात सदा पांढरे बूट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं खिसा चाचपावा. त्यानं तेइकोच्या नावाची एक वेबसाइट करून घेतली होती. तिच्यावर सव्वीस वर्षांचा तेइको, अंगाला तेल लावलेला, मुठी वर. खाली लिहिलेलं: अजिंक्य हातोडा. त्यानंतर तेइको तीनदा हरला, पस्तिशीला आला, पोट सुटलं, पण वेबसाइटवरचा तेइको जिंकतच राहिला. बरं, बाकीच्यांनी फसावं तर फसावं, हा शहाणा स्वतःच रोज सकाळी ती उघडून बघायचा आणि खुशीत दोरीवरच्या उड्या मारायचा.

एकदा मी देदेईला म्हटलं, ब्लॉग काय, वेबसाइट काय, फोनमध्येच दिसतात, मग तुझ्यात आणि त्या क्वार्शीत फरक काय? तिनं दांड्यानंच समोर दाखवलं. न्हाव्याच्या दुकानावर रंगवलेली पाटी होती आणि शेजारची भिंत मयताच्या आणि लढतींच्या पोस्टरांनी भरलेली.

“ती पाटी म्हणजे वेबसाइट,” ती म्हणाली. “न्हावी मरून गेला, पाटी अजून हसतेय. आणि ही भिंत म्हणजे ब्लॉग. आजचं वर, कालचं खाली, प्रत्येकावर तारीख. शिवाय येणारा-जाणारा कोळशानं त्यावर काहीबाही खरडून जातो. ते पुसत बसायचं नाही, सोसायचं.”

मी हसलो होतो तेव्हा. आता त्या भिंतीकडे बघवत नाही.

सरावात कुणाचा तरी अंगठा तेइकोच्या डाव्या डोळ्यात घुसला. चार दिवस डोळा लाल राहिला, मग बरा दिसायला लागला. पण एक दिवस देदेईनं त्याच्या डाव्या बाजूला तळलेला मासा ठेवला आणि तो आपला मासा कुठंय म्हणून ओरडायला लागला. तिनं हळूच डावीकडून सुरी त्याच्या गालाजवळ नेली. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

त्याच सुमाराला लागोसच्या एका बड्या माणसानं वेबसाइट बघितली आणि आपल्या सुनकान्मीशी लढायला अजिंक्य हातोडा मागितला. सुनकान्मी म्हणजे बावीस वर्षांचा रेडा. मागच्या एका लढतीत त्यानं समोरच्याला असा मारला होता की तो पोरगा अजून स्वतःच्या हातानं जेवत नाही. क्वार्शीनं कुठूनसा डॉक्टरचा कागद आणला, त्यात तेइकोचे दोन्ही डोळे लखलखीत. देदेई भावाला समजावायला गेली तर त्यानं फोन पुढे केला. हे वाच, म्हणाला, मी कोण आहे ते जगाला माहितेय.

तेव्हा तिनं ब्लॉगवर लिहिलं: माझ्या भावाचा डावा डोळा गेला आहे. ही लढत थांबवा, नाहीतर उजवाही जाईल.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी क्वार्शीचे दोन दांडगे आले. एकानं लाथ मारून पातेलं उलथलं. उकळतं पाणी देदेईच्या दोन्ही पायांवर सांडलं, तिची किंकाळी मला मशीनच्या आवाजातही ऐकू आली. दुसऱ्यानं तिचा फोन दगडावर ठेवला आणि दगडानंच ठेचला, पार भुगा होईपर्यंत. मी कात्री घेऊन धावलो तोवर तिनं गुडघ्यावर बसूनच पहिल्याच्या तोंडावर दांडा घातला होता. तो दातांच्या जागी हात धरून पळाला. दुसरा मात्र छाती फुगवून सांगत गेला की ब्लॉग फोडला. त्या गाढवांना वाटलं, फोन फुटला की ब्लॉग फुटतो. संध्याकाळी पायांना कपडा गुंडाळून ती माझ्या दुकानात बसली आणि माझ्या फोनवरून तेच परत लिहिलं, वर क्वार्शीचं नावही घातलं.

लोकांनी वाचलं. हळहळले, शिव्या घातल्या. लढत कुणी थांबवली नाही. लढती ठरवणारे ब्लॉग वाचत नाहीत, ते पाट्या वाचतात.

लढतीच्या आदल्या दिवशी तिच्या लिहिण्याखाली एक नवी प्रतिक्रिया आली. देदेईनं मला मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. सुनकान्मीच्या उस्तादाची होती ती: “धन्यवाद, बाई. वेबसाइटवर हे नव्हतं. उद्या आमच्या पोराचा उजवा हात वाया जाणार नाही.”

तिनं लिहिलेलं सगळं तिथल्या तिथे पुसलं. काय उपयोग? ज्यानं वाचायचं त्यानं वाचलं होतं. मग ती भाजलेल्या पायांनी, क्वार्शीनं लढतीआधी तेइकोला ठेवलं होतं त्या हॉटेलवर गेली, मी मागे. दाराशी क्वार्शीच्या माणसांनी तिला ढकलून पाडलं. तेइको जिन्यावर आला, पण खाली उतरला नाही.

“आवो, घरी जा,” तो म्हणाला. “तुझ्या लिहिण्यानं माझं नाव जातंय.”

“नाव जाऊ दे रे,” ती खालूनच म्हणाली. “डोळा राहू दे.”

त्यानं पाठ फिरवली.

लढतीला मी तेइकोच्या कोपऱ्याशीच बसलो होतो, देदेई माझ्या शेजारी, मांडीवर हार मान्य करायला दाखवतात तो टॉवेल. पहिल्या फेरीपासून सुनकान्मीचा उजवा हात सुटला. आंधळ्या बाजूनं येणारा तो तेइकोला दिसतच नव्हता. ठोसा गालावर फुटायचा तेव्हाच त्याला कळायचं की आला. दुसऱ्या फेरीत भुवई फाटली. तिसऱ्या फेरीत नाक मोडलं, रक्त माझ्या शर्टावर उडालं. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते, आणखी मार, आणखी मार, आणि त्यांत तेइकोच्या गल्लीतलेही होते. मला त्या सगळ्यांच्या मुस्काटात मारावंसं वाटत होतं. चौथ्या फेरीत सुनकान्मी चांगल्या डोळ्याकडे वळला. उजवा डोळा सुजून बंद व्हायला लागला. पंच बघत राहिला.

पाचव्या फेरीत देदेई उठली. क्वार्शीनं तिचा झगा मागून धरला. तिनं न वळता कोपर मारलं, तो पांढऱ्या बुटांसकट खुर्च्यांत पडला. दोरांखालून सरपटत ती रिंगमध्ये शिरली, टॉवेल हलवत, भावाचं नाव घेत. त्या कल्लोळात कुणाला ऐकू येणार? ती तेइकोच्या डाव्या बाजूनं गेली. तिचा हात त्याच्या खांद्याला लागला.

तेइको गर्रकन वळला आणि अंगातलं उरलंसुरलं सगळं बळ एकवटून ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज त्या कल्लोळातही शेवटच्या बाकापर्यंत गेला. देदेई आडवी झाली.

ओरडणारे बाकांवरून खाली उतरले. तेइको अजून मुठी वर धरून उभा होता, मान इकडून तिकडे फिरवत.

“कोण पडलं?” तो विचारत होता. “कोण आहे? कुणीतरी सांगा ना.”

पंचानं तेव्हा कुठे त्याच्या डाव्या डोळ्यासमोर हात हलवला, आणि पापणी हलली नाही हे सगळ्या गावानं पाहिलं. लढत तिथेच संपली. क्वार्शीचा कागद, तेइकोचा परवाना, सगळं त्याच संध्याकाळी रद्द झालं. उजवा डोळा डॉक्टरांनी वाचवला. आणखी एक फेरी झाली असती तर तोही गेला असता, असं ते म्हणाले.

देदेईचा जबडा तारेनं बांधलाय. ती नळीनं पातळ पेज पिते आणि बोलता येत नाही म्हणून मोहल्ला सुखात आहे. मी तिला नवा फोन दिला. तिनं सगळ्यात वर, तारीख घालून, दोनच वाक्यं लिहिली: “पाचव्या फेरीत माझा भाऊ हरला. ठोसा मला लागला.”

वेबसाइट अजून तशीच आहे. तेल लावलेला अजिंक्य हातोडा, आणि खाली: पुढची लढत लवकरच.

काल तिच्या त्या दोन वाक्यांखाली एक प्रतिक्रिया आली. तेइकोची. दवाखान्यातून कुणाला तरी सांगून लिहून घेतली असणार, कारण उजव्या डोळ्यावर अजून पट्टी आहे. जन्मात पहिल्यांदा त्यानं बहिणीचा ब्लॉग ऐकला होता.

“आवो, पुढच्या वेळी उजवीकडून ये.”

देदेईला हसू आलं, तारा ताणल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिनं अंगठ्यानं त्याखाली उत्तर लिहिलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

“पुढची वेळ येणार नाही.”