गोपिकाबाईंचं ट्रॅम्पोलिन

महाल वस्तीतल्या गोपिकाबाईंचे गुडघे दुखतात म्हणून लेकीनं, मुग्धानं, ट्रॅम्पोलिन घेऊन दिलं. बाईंनी ते गच्चीवर चढवलं आणि त्यावर कुरड्या वाळत घातल्या. खालूनही वारा लागतो, एका दिवसात कडक.

"आई, त्यावर उड्या मारायच्या असतात."

"काहून वं? कुरड्या पाहाले दहादा जिना चढून राहिली मी. गुडघे मोकळे झाले ना?"

झाले होते, हे नाकारता येईना.

मग मुग्धाच्याच ओळखीनं बाई केनियातल्या एका शाळेत दोन महिने सेवा करायला गेल्या. पंधरा दिवसांनी मुग्धानं फोनवर विचारलं, "तिथे काय शिकवतेस?"

"इथंही ट्रॅम्पोलिन आहे. पोट्टे त्यावर नुसत्या उड्या मारून राहिले होते. आता आंब्याच्या फोडी वाळवतात."