जिनातली बोली

खामगावच्या स्टेशनातून आमची गाडी सुटली तेव्हा शिट्टी झाली असणारच. मला दिसली ती नुसती वाफ. फलाटावर आत्याचे ओठ हलत होते आणि मी, सहा वर्षांची पोर, खिडकीतून खुशाल मान डोलावत होते. मुंबई बघायला मिळणार म्हणून मला कोण आनंद!

आदल्या वर्षी माझ्या मेंदूला क्षय झाला. इंजेक्शनांनी जीव वाचवला आणि कान नेले. खामगावकरांनो, गंमत बघा, हे घरात कितीतरी दिवस कुणाला कळलंच नाही! बाबा कापसाच्या जिनात कामाला. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या घरघराटात कोण कुणाचं ऐकणार? सगळे ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायचे. घरीही बाबांची तीच तऱ्हा, आणि त्यांच्या ओठांवरून मी फटाफट उत्तरं द्यायची. एकदा मायनं पाठीमागून हाका मारमारून घसा कोरडा केला, तेव्हा कुठे उजेड पडला. ऐकणं लवकर परत आलं नाही तर पोरगी बोलणंही विसरेल, असं डॉक्टर म्हणाले. इलाज मुंबईत होता, म्हणून बाबांनी तिथल्या गिरणीत काम धरलं.

इस्पितळातल्या बाईंनी माझ्या छातीवर ऐकायच्या यंत्राची एक डबी अडकवली, तिची वायर कानात घातली. मग बाबांना म्हणाल्या, "पाठ फिरवा, हात खाली. आता बोला."

बाबांनी थेट जिनातला आवाज लावला. अहो, मी उडालेच!

"बाबा, काऊन ओरडून राह्यले? मले आयकू येऊन राह्यलं ना!"

बाई हसल्या, मायनं पदर डोळ्याला लावला. बाबा मात्र बराच वेळ भिंतीकडेच तोंड करून उभे होते.

मग काय, आवाजच आवाज! स्टोची फरफर, चाळीतला नळ, मायच्या बांगड्या. डबीसाठी मायनं प्रत्येक झग्याला खिसा शिवला. शाळेत 'मले'चं 'मला' झालं. मुंबई मला मनापासून आवडली, खोटं कशाला बोलू?

आता बाबा पुन्हा खामगावी आहेत. परवा मी मुंबईला परत निघाले, तेव्हा मला जलंब जंक्शनपर्यंत पोचवायला आले. गाडी हलली, इंजिनाचा हा गोंगाट! खिडक्याखिडक्यांतून चांगल्या कानांची माणसं "काय? काय?" ओरडत होती. बाबांनी फलाटावरून नुसते ओठ हलवून पत्र टाकायला सांगितलं: "पोचली का कागद टाक वं." मी ओठांनीच म्हटलं, "हाव."

लोक विचारतात, घर कुठलं? माझं घर त्या फलाटावर उभं होतं, आणि त्याचा शब्दन्‌शब्द मला ऐकू येत होता.