आत्याचा सकाळचा डाव

आत्या घड्याळं दुरुस्त करायची, पण दुकान उघडलं की गिऱ्हाइकाच्या आधी टेनिस. हातात मावणारा जुना खेळ, दोन बटणं, करड्या पडद्यावर काडीएवढा माणूस आणि ठिपक्याएवढा चेंडू. वीस वर्षांत बाजारात कितीतरी नवे खेळ आले, पण हिचा त्या काडीमाणसावरचा जीव काही कमी झाला नाही. एक डाव संपला की डोळ्याला भिंग लावून कामाला. मी तिची भाची, तिच्याच हाताखाली शिकत होते.

मला ते वेड वाटायचं. खरं कारण तिनं एकदाच सांगितलं. आजोबाही घड्याळजी. पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्यांनी सहा गिऱ्हाइकांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा वाकवून ठेवल्या होत्या. "मला आधी कळायला हवं," आत्या म्हणाली. म्हणून हा रोजचा डाव. तिचा उच्चांक सहाशे चाळीस होता.

चौपन्नाव्या वर्षी तिचे आकडे उतरू लागले. तीनशे, दोनशे दहा, मग दीडशे. "बटण दमलंय," ती म्हणायची. जगाची घड्याळं उघडणारी बाई, पण हा खेळ उघडून बटण बघायला तयार नाही. मला तिच्या हाताची भीती वाटायची, आणि त्याहून जास्त त्या बहाण्याची.

एका दुपारी ती कुणाचंतरी भिंतीवरचं घड्याळ पोचवायला गेली. बटण खरंच दमलंय का, एवढंच मला बघायचं होतं. चेंडू सुटू दे, असं मनात म्हणत खेळत होते, पण मेला एकही सुटेना. सहाशे बावन्नवर मी घाबरून हात काढला. डाव संपला आणि उच्चांक म्हणून माझा आकडा पडद्यावर बसला.

हे दिसलं की तिचा बटणाचा आधार जाणार. मी सेल काढून परत घातले. उच्चांक शून्य झाला. जुनं मशीन, सेल आपोआप हलले असतील, असं तिला वाटेल, हा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खेळ हातात घेतला.

"उच्चांक गेला."

"सेल हलले असतील."

"असतील. मग यातलं घड्याळ सेकंदाला बरोबर कसं?"

सेल निघाले की पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही बारावर येतं. आणि मी ते सवयीनं लावून ठेवलं होतं. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ समोर दिसलं की आमच्या घरातल्या कुणालाच चैन पडत नाही.

"किती केलेस?" तिनं विचारलं.

"सहाशे बावन्न."

"म्हणजे बटण चांगलं आहे."

तिनं चिमटा आणि भिंग माझ्यापुढे सरकवलं. "ही स्प्रिंग तू बसव. मी गिऱ्हाईक बघते." मग दोन्ही हात काउंटरखाली घेऊन बसली. मला रडू आलं, पण स्प्रिंग बसवायची होती.

त्याला वीस वर्षं झाली. मी आता पन्नाशीची आहे आणि सकाळचा डाव माझा असतो. आत्या खुर्चीत बसून रोज आकडा विचारते. मी खरा सांगायचे. गेल्या सोमवारपासून शंभर वाढवून सांगते.