ऑफिस यूजचा लॅपटॉप

"अंकल, ऑफिस यूज के लिए चाहिए?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"नहीं. गाने और फोटो."

बायकोची गाणी आणि फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. ती गेल्यापासून मिसरोदच्या घरात तेवढाच आवाज. पण 'ऑफिस यूज' ऐकलं आणि मी काही न घेता बाहेर आलो. हे शब्द एकदा मी फाइलवर लिहिले होते.

तेव्हा मी एका सरकारी खात्यात खरेदी बघत होतो. आमचे शरद पाठक गावोगाव जाऊन लोकगीतं रेकॉर्ड करायचे, गायकांचे फोटो काढायचे. लॅपटॉपसाठी त्यांनी लेखी मागणी दिली. रॅम सोळा जीबी, म्हणजे कामाचं टेबल मोठं. स्टोरेज दोन टीबी, म्हणजे कपाट मोठं. रंग खरे दाखवणारा स्क्रीन. आणि बॅकअपला, म्हणजे दुसरी प्रत ठेवायला, वेगळी हार्ड डिस्क.

"पाठक, बाकीच्या सेक्शनचं दोनशे छप्पन जीबीत भागतं."

"ते पत्रं टाइप करतात, साहेब. माझी एक म्हातारी गायला बसली की अख्खी सकाळ जाते. तिला काय सांगू, आजी, थांबा, कपाट भरलं?"

मी हसलो. पण वेगळा स्पेक म्हणजे वेगळी फाइल, वेगळं टेंडर, वर ऑडिटचे प्रश्न. इतरांच्या लॉटमध्येच त्यांचा लॅपटॉप घातला. डिस्क गाळली. उपयोगाच्या रकान्यात लिहिलं, ऑफिस यूज. त्यांचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

वर्षभरात लॅपटॉप भरला. पाठक घरची जुनी डिस्क वापरू लागले. ती बंद पडली. तिच्यावरची सगळी गाणी गेली. म्हातारी तोवर वारली होती.

चौकशीत डायरेक्टरांनी मला विचारलं, "सरकारी डेटा इनकी अपनी डिस्क पर क्यों था? इन्होंने कुछ लिखकर माँगा था?"

"फाइल पर तो कुछ नहीं है, सर."

वाक्य खरं होतं. "दिया था, सर," पाठक म्हणाले. त्यांच्याकडे प्रत नव्हती. ठपका त्यांच्यावर आला, प्रमोशन गेलं. रिटायर होताना मी तो कागद घरी आणला. फाडवला नाही, देववलाही नाही.

दुकानातून आलो त्याच आठवड्यात तो कागद, सोबत माझा सहीचा कबुलीजबाब, खात्याकडे पाठवला. प्रत घेऊन आनंद नगरला पाठकांकडे गेलो. दुकानातलं सगळं सांगितलं. त्यांनी दारातच कागद वाचला.

"माझंच अक्षर," ते म्हणाले. "चहा विचारणार नाही, साहेब."

"नको."

मी वळलो तेव्हा म्हणाले, "दोन टीबीचा घ्या. वर एक डिस्क. ती स्वतःच्या घरात ठेवू नका, दुसऱ्या कोणाकडे द्या." दार लागलं.

खात्याचं उत्तर अजून नाही. खरेदीतल्या लोकांना एवढंच सांगतो: ज्याला काम करायचंय, त्याचा कागद आधी फाइलला लावा.

लॅपटॉप घेतला. डिस्कही घेतली. ती अजून माझ्याच कपाटात आहे. द्यायला कोणाचं घर सुचत नाही.